भेटीच्या यादीतलं नाव

याकूबचाचांच्या नावानं हे प्रकरण सुरू करतो, कारण तुझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर आईवडिलांनंतर माझ्या ओठावर तेच नाव येतं. आईवडिलांना निदान मी त्यांचा मुलगा असल्याचं कारण होतं. चाचांना काहीच कारण नव्हतं. ते चिपळूणच्या पुढच्या, खाडीकाठच्या एका गावचे, मी औशाचा. त्यांची कतारमध्ये अठ्ठावीस वर्षं झालेली, मी पहिल्यांदाच विमानात बसलेला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आई अंगणवाडीत मदतनीस. बी.एस्सी.चं प्रमाणपत्र सोडलं तर दाखवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, आणि तेसुद्धा आईनं लोखंडी पेटीत, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून औशालाच ठेवलं होतं. इंग्रजी पत्र मला वाचता यायचं, पण फोनवर कुणी इंग्रजीत बोलू लागलं की तळहाताला घाम सुटायचा.

कंपनीनं अल खोरला एक दुमजली घर भाड्यानं घेतलं होतं. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही चौघं राहायचो आणि दाराजवळची खाट चाचांची होती. ते साइटवर टाइमकीपर होते. ही साइट शहरातल्या मुशैरिब भागात होती; तिथं तेव्हा जिकडे बघावं तिकडे क्रेन आणि पत्र्याची कुंपणं होती. आज तिथल्या दुकानांच्या काचांसमोरून जाताना मला खालची ती खोदलेली जमीनच आठवते. उजाडायच्या आत बस यायची. ड्रायव्हर एकदाच हॉर्न वाजवायचा, आणि त्याआधी चाचांचा नमाज, चहा आणि आम्हा तिघांना उठवणं, सगळं उरकलेलं असायचं. उठवताना ते फक्त एसी बंद करायचे. ती घरघर थांबली की आपोआप जाग यायची. अजूनही कुठं एसी अचानक बंद पडला तर मी दचकून बसची वेळ बघतो.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी चाचा बाजारातून मासे आणायचे, आणि मी मासे खात नाही म्हणून आधी माझी भाजी टाकायचे, वेगळ्या तव्यावर. "तुझं शिजू दे, मग आमचा धूर होऊ दे," असं म्हणायचे. तो तवा त्यांनी स्वतः आणला होता, त्याच्या दांड्याला खुणेसाठी लाल दोरा बांधला होता, आणि कुणी चुकून त्यावर अंडं फोडलं तर दिवसभर त्याच्याशी बोलायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "चाचा, एवढं नका करू, मला चालतं." ते म्हणाले, "तुला चालत असंल. तुझी आई मला विचारील तेव्हा काय सांगू?" माझ्या आईला त्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

मला व्हिसा मिळाला होता हेल्परचा. काम मात्र ऑफिसातलं: आलेल्या प्रत्येक पत्रावर नंबर घालायचा, शिक्का मारायचा, प्रत काढायची आणि फाइलला लावायची. ते काम कायम हवं असेल तर पदवीचं मूळ प्रमाणपत्र भारतातले शिक्के मारून आणायला हवं, नाहीतर दिवाळीनंतर हेल्मेट घालून खाली उतरायचं, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला रजा मिळायला अजून वर्ष होतं. चाचा चाळीस दिवसांच्या रजेवर निघाले होते. ते म्हणाले, "आईला सांग, चिपळूणला पार्सल टाक. एसटीनं येऊ दे. मुंबईचे चार हेलपाटे मी घालतो."

इथं चाचांचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. रजेवरून येणाऱ्या माणसाबरोबर सगळ्यांच्या घरचं काही ना काही येतंच, लोणचं, मेतकूट, गुडघेदुखीचं तेल. चाचा दुसऱ्याचं पार्सल आणायला कधी नाही म्हणायचे नाहीत, पण आणण्याआधी ते उघडून, खाटेवर पसरून, प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायचे. एकदा कुणाच्या तरी बहिणीनं दिलेली खोकल्याच्या औषधाची बाटली त्यांनी मुंबईलाच ठेवून दिली होती. "विमानतळावर त्यांना तुझी बहीण दिसत नाय," ते म्हणायचे, "त्यांना फक्त बाटली दिसते."

एके दिवशी दुपारी ऑफिसात असताना आईचा आवाजी निरोप आला. शेजारच्या मुलीनं तिला तेवढं शिकवलं होतं. "बाबू, सर्टिफिकेट टाकते पार्सलात. संगट अनारशाचं पीठ देते, दिवाळीला तळा. खसखस भेटते का रे तिकडं? नसंल भेटत तर मूठभर बांधते." मी अल खोरच्या दोन-तीन किराणा दुकानांत मसाल्यांच्या रांगा बघितल्या होत्या. जिरं, मोहरी, नागकेशरसुद्धा होतं, खसखस नव्हती. मी घाईत उत्तर पाठवलं, "नाही भेटत आई. दे." इतक्या भारतीय दुकानांत हीच एक वस्तू का नसेल, हा प्रश्न बी.एस्सी. झालेल्या माणसाला पडला नाही.

चाचा गुरुवारी सकाळी उतरणार होते. मी त्यांच्यासाठी मुगाची खिचडी करून ठेवली, कारण प्रवासातून आले की ते तेवढंच खायचे. दुपार झाली, त्यांचा फोन बंद. संध्याकाळी खिचडी आम्हीच खाल्ली. शुक्रवारी त्या घरात मासे तळले गेले नाहीत आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आमच्या खोलीला एक वास होता, जो आपण रोज घेत असतो म्हणून जाणवत नाही.

शनिवारी सलीमभाईचा फोन आला. हा चाचांचा पुतण्या, हमद पोर्टला कंटेनरच्या नोंदी करायचा. चाचांना विमानतळावर अडवलं होतं. बॅगेत बंदी असलेली वस्तू सापडली होती. सलीमभाई दोन दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला होता. नाव सांगितलं तर कुणाला काही कळेना, कारण त्या नावाचे लोक पुष्कळ. शेवटी पासपोर्टचा नंबर दिल्यावर एकानं संगणकात बघून, आहेत, एवढंच सांगितलं. फोटो, बोटांचे ठसे, डॉक्टरची तपासणी, मग अंगावरच्या आणि बॅगेतल्या प्रत्येक वस्तूची यादी आणि त्या यादीवर सही, असं सगळं झाल्यावर चाचांना एक फोन करायला मिळाला होता. त्यात त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. घरी इतक्यात कळवू नको. माझ्या साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी खणात आहे, ती घेऊन ये. आणि दत्ताची, म्हणजे माझी, डिग्री सामानाच्या यादीत आहे, मी सही करून देतो, तेवढी सोडवून त्याला दे.

चार दिवसांनी सलीमभाई अल खोरला आला तेव्हा पिवळ्या पाकिटात माझं प्रमाणपत्र होतं. पाठीमागं सगळे शिक्के, एकही राहिलेला नाही. ते देताना तो सहज म्हणाला, "काय सापडलं माहीत हाय? खसखस. मूठभर खसखस रे. इथं ती नशेच्या मालात धरतात, अफूचं बी म्हणून. चाचांनी सांगितलं, ईदच्या शिरखुर्म्यासाठी घरनं आणली. आता चाचा अठ्ठावीस वर्षांत कधी खसखस आणतील काय? मला तर काय कळत नाय."

मला कळलं. मी पाकीट हातात धरून उभा राहिलो.

हे लिहायला जड जातं, पण लिहितो. मी आठ दिवस काही बोललो नाही. प्रमाणपत्र साहेबांना दिलं, त्यांनी प्रत काढायला ते माझ्याकडेच दिलं, आणि मी स्वतःच्या पदवीवर स्वतःच्या हातानं नंबर घालून ती फाइलला लावली. दिवसभर कामात एका जागी बसवेना. पाणी प्यायला उठायचो, प्यायचं विसरून परत यायचो. मी खरं सांगितलं तर काय होईल? मला धरतील. माझ्या आईचं नाव त्या कागदांवर येईल, तिला त्यातलं अक्षरही वाचता येणार नाही. आणि चाचांनी तर आधीच सांगून टाकलंय, मग आता मी वेगळं बोललो तर ते खोटे ठरून जास्त अडकतील, असंही मी स्वतःला पटवत होतो. हे शेवटचं कारण मला फार आवडलं होतं, कारण त्यात मी चाचांचाच विचार करत असल्यासारखं वाटायचं.

मधल्या काळात आईचा फोन आला. "चाचा पोचले का? अनारसे दिले का त्यांना? पहिला त्यांना दे." मी म्हणालो, "अजून तळले नाहीत." हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

मग मी त्या किराणा दुकानांपैकी एकात परत गेलो. दुकानदार केरळचा, वयस्कर. मी खसखस मागितली तेव्हा त्यानं आधी दाराकडं बघितलं. "वो इधर बंद है. नया आया क्या?" मी म्हणालो, एक वर्ष झालं. "एक साल में किसी से पूछा नहीं?" तो चिडला नव्हता, त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. त्यानं मला तिळाचं पाकीट दिलं. "इससे काम चलाओ. सब लोग चलाते हैं."

चाचांना ठेवलं होतं तो तुरुंग शहराच्या बाहेर, मोकळ्या माळावर. तिथले नियम मला सलीमभाईकडून कळत गेले. भेटायला कोण येणार त्यांची नावं आतल्या माणसानं द्यायची, नावापुढं नातं लिहायचं. यादीत नाव असेल त्यालाच ठरलेल्या दिवशी, ओळखपत्र दाखवून आत सोडतात. मोबाइल, पट्टा, पाकीट बाहेर. कपडे साधे न्यायचे. औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेत नाहीत. पत्र पाठवता येतं, पण पाकीट चिकटवायचं नाही, वर कैद्याचा नंबर लिहायचा आणि एकच पान. अरबी किंवा इंग्रजी असेल तर लवकर वाचून आत जातं, बाकी भाषांतलं वाचणारा माणूस मिळेपर्यंत पडून राहतं. मी इंग्रजीत पहिलं पत्र लिहिलं. वर तारीख, विषय, संदर्भ, खाली आपला विश्वासू. ते दोन दिवसांत पोचलं. उत्तर आलं नाही. ऑफिसात मी रोज शंभर पत्रं हाताळायचो. त्या पत्रात आणि त्या शंभरांत काहीच फरक नव्हता, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या भेटीहून आलेल्या सलीमभाईला मी विचारलं, "मला कधी नेणार?"

"तुझं नाव नाय यादीत."

"का?"

"मी पण विचारलं. माझं हाय, दोघा गाववाल्यांचं हाय, तुझं का नाय? तर म्हणाले, त्याला लांब ठेव. लहान हाय." सलीमभाईनं गाडीच्या चाव्या बोटात फिरवल्या. "माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त माया दिसते. माझं नाव टाकताना असं काय मनात आलं नाय त्यांच्या."

तिथं, अल खोरच्या त्या घराच्या जिन्याखाली, चपलांच्या ढिगाजवळ उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. खसखस माझी. आईनं विचारलं, मी दे म्हणालो. चाचांना माहीतही नसेल आत काय होतं ते. सलीमभाईच्या बोटातल्या चाव्या थांबल्या. मग म्हणाला, "मंग एवढे दिवस काय करत होतास? डिग्री उशाखाली घेऊन झोपत होतास?"

मी म्हणालो, "हो." प्रमाणपत्र ऑफिसात होतं, पण उत्तर तेच होतं.

"तुला पण आत टाकतील, कळतंय का मेल्या? मी दोघांच्या चिठ्ठ्या घेऊन फिरू काय?" असं म्हणून त्यानं गाडीचं दार उघडलं. "बस. यल्ला, चल. आज सरकारी वकिलांची खिडकी बंद झाली असंल, पण पत्ता तर बघून ठेवू."

तिथं तपास सरकारी वकीलच करतात; त्यांच्या कचेरीत आम्हाला तीनदा जावं लागलं. पहिल्या दिवशी उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुभाषी नव्हता. मी दोन्ही दिवस ऑफिसात खोटं सांगून गेलो होतो आणि तिसऱ्या दिवशी खरं सांगून गेलो. साहेब म्हणाले, "विचार करून जा." मी एक फाइल केली होती, कारण मला तेवढंच येत होतं. एसटीच्या पार्सलच्या पावतीचा आईनं पाठवलेला फोटो, त्यावर तिचं नाव आणि तारीख. माझ्या ओळखपत्राची प्रत. पदवीची प्रत, ती त्याच पार्सलातून आली होती म्हणून. प्रत्येक कागदाला नंबर घातला होता. समोरचे अधिकारी तरुण होते, माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं की या सगळ्यात खसखस कुठं आहे. ती कागदात नव्हती. ती आईच्या निरोपात होती.

मोबाइल टेबलावर ठेवून मी तो निरोप लावला. शेजारी दुभाषी, हैदराबादचे एक म्हातारे गृहस्थ, मान कलती करून ऐकत होते. त्या थंड, स्वच्छ खोलीत आईचा आवाज आला, आणि मागं आमच्या गल्लीतली कोंबडी आणि वडिलांच्या दुकानातली हातोडी. "खसखस भेटते का रे तिकडं?" दुभाष्यांनी म्हटलं, "दोबारा सुनाइए." मग विचारलं, "वालिदा हैं?" मी म्हणालो, हो, आई. त्यांनी अरबीत सांगितलं आणि काही शब्दांना अडल्यावर माझ्याकडं बघितलं. अनारसा म्हणजे काय, हे मी हिंदीत सांगितलं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवून दळायचे, गूळ घालून मुरवायचे. मग थापायचं आणि एका बाजूला खसखस लावायची.

अधिकाऱ्यांनी काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणाले, "पूछ रहे हैं, एक ही तरफ क्यों?"

"तळताना उलटायचा नसतो," मी म्हणालो. "खसखशीची बाजू वर राहते. उलटला तर सगळी तेलात सुटते."

हे भाषांतर होऊन गेल्यावर अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच काहीतरी लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होते. माझी सही घेतली, देश सोडून जायचं नाही म्हणून बजावलं आणि जायला सांगितलं. मला धरलं नाही. जिना उतरताना सलीमभाईनं माझ्या दंडाला धरलं. "शाबास," तो म्हणाला. "आता फक्त चाचा तुला मारतील."

त्याच दुपारी मी चाचांना दुसरं पत्र लिहिलं, मराठीत. ते पडून राहणार हे ठाऊक होतं, पण इंग्रजीत मला ते लिहिता येत नव्हतं. बारा दिवस ते कुठं तरी वाचणाऱ्याची वाट बघत होतं. मग एका रविवारी सलीमभाईचा फोन आला, "तुझं नाव चढलं."

दारावरच्या शिपायानं माझं ओळखपत्र घेऊन यादीवर बोट फिरवलं, थांबला आणि मोठ्यानं वाचलं, "सदीक." मित्र. माझ्याकडं वर-खाली बघितलं, परत यादीकडं बघितलं आणि आत सोडलं. काचेपलीकडे चाचा बसले होते, दाढी वाढलेली, साधे कपडे. रिसीव्हर कानाला लावून त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "बारीक झालास. चूल बंद केलीस काय?"

मी विचारलं, "रागावलात?"

"रागावलो तर. मी सगळं नीट जुळवलं होतं. म्हाताऱ्या माणसानं ईदसाठी आणली, माफी मागितली, खलास. तू मधे घुसलास."

"पण ते खोटं होतं, चाचा."

"खोटंच होतं. पण नीट होतं." ते हसले. मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. तुम्ही प्रत्येकाचं पार्सल उघडता, माझंच का नाही उघडलं? त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "डिग्री वरच होती, ती काढली. खाली पिठाची पिशवी. तुझ्या आईनं ती वरून कापडात शिवली होती. मी ब्लेड घेतलं हातात. टाके बघितले, एकसारखे, बारीक. डोळ्याला चष्मा लावून शिवलं असंल बाईनं. माझा हात झाला नाय." मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांत एकदा. आता कुणाला सांगू नको, माझी इज्जत जाईल."

पुढं काही आठवड्यांनी त्यांना सोडलं, खटला उभा न करता. माझ्या जबाबानं किती फरक पडला, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. चाचा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दाराजवळच्या त्याच खाटेवर झोपले, त्याच एसीचं बटण दाबून आम्हाला उठवत राहिले, आणि मग कायमचे गावी गेले. मी इथंच राहिलो. आता आमच्या घरी दिवाळीला अनारसे होतात ते तीळ लावून. माझी मुलगी आईचं ऐकते मराठीत आणि उत्तर देते इंग्रजीत; गेल्या वर्षी तिनं विचारलं की आजीच्या फोटोतल्या अनारशांवर हे बारीक पांढरं काय आहे. मी सांगू लागलो, आणि सांगता सांगता हे सगळं लिहायला बसलो.

चाचांच्या गावी मी दोनदा जाऊन आलोय. दुसऱ्या वेळी चाचीनं बिस्किटांच्या डब्यातून माझं ते मराठी पत्र काढून दाखवलं. कोपऱ्यात वाचल्याचा शिक्का होता, घड्या जीर्ण झाल्या होत्या. मला ते वाचायची गरज नव्हती. कामाच्या सवयीनं मी त्याची प्रत ठेवली होती, ती अशी:

याकूबचाचांना दत्ताचा नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितोय. पोचायला उशीर होईल, पण तुम्हाला इंग्रजीत लिहिलेलं पत्र मी परत वाचलं तेव्हा माझीच लाज वाटली. त्यात मी तुमच्या तब्येतीची चौकशी केली होती आणि बाकी काहीच सांगितलं नव्हतं.

आज सकाळी मी सरकारी वकिलांकडं जाऊन खरं सांगून आलो. खसखस माझी आहे आणि मी मागवली, हे लिहून सही केली. तुम्ही ईदचं सांगितलं होतं ते मला सलीमभाईकडून कळलं होतं. ते माझ्यासाठी सांगितलं हेही त्याच वेळी कळलं. तरी मी आठ दिवस गप्प बसलो. याबद्दल तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

अजून एक सांगायचं आहे. सलीमभाईनं तुमच्याबद्दल फोन केला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, माझी डिग्री कुठं आहे. तुम्ही कसे आहात ते नंतर विचारलं. त्यानं तुम्हाला हे सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. तुम्हाला एकच फोन करायला मिळाला, तर त्यात तुम्ही माझ्या डिग्रीचं बोललात. मी तोच विचार करत होतो आणि तुम्हीही तोच, पण दोन्हींत किती अंतर आहे ते मला कळलंय.

आईला काल सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, शिवण माझी आहे, मी येऊन सांगते त्यांना, विमानाचं कसं करायचं ते विचार. मी तिला समजावलंय.

खोलीत सगळं ठीक आहे. तुमच्या खाटेवर कुणी बसत नाही. माझा तवा मी रोज घासतो, मासे कुणी तळत नाही. गोळ्या वेळेवर मिळतात ना, तेवढं सलीमभाईला सांगा.

मला तुम्हाला भेटायचं आहे. मी आता लांब राहून उपयोग नाही, माझं नाव त्या कचेरीत लागलंच आहे. म्हणून तुमच्या भेटीच्या यादीत माझं नाव घाला. नावापुढं नातं लिहावं लागतं असं कळलं. तुम्ही माझे कोण, हे मी लिहू शकतो. मी तुमचा कोण, ते तुम्ही ठरवून लिहा. जे लिहाल ते दारावर दाखवून मी आत येईन.

तुमचा,
दत्ता